भिंतीवरचा निबंध

प्रिय दादा,

आधी बातमी. मला प्रवेश मिळाला. वसतिगृहात खोलीही मिळाली, आणि या महिनाअखेरीला मी जाते आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, वा ठमे, अभिमान वाटतो तुझा. तुझ्या अभिमानाला खर्च काही येत नाही, त्यामुळे तो तू सढळ हाताने वाटतोस. शिवाय फोनवर तू मधे बोलतोस. पत्रात तुला गप्प बसावं लागेल, म्हणून पत्र.

हल्ली कॉलेजांना नुसते गुण पुरत नाहीत. त्यांना आपला आत्मा लागतो, तोही दोन पानांत बसणारा. तुमचा स्वभाव कसा, तुमची प्रेरणा कोण, घर सोडताना मनात काय आहे, असं सगळं खोदून विचारतात. त्यासाठी शाळेने एक सल्लागार बाई नेमल्या आहेत. त्यांच्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा असतो, मुलांनी रडावं म्हणून. माझ्यासमोर त्यांनी तो दोनदा सरकवला. मी त्यातला एक घेऊन चष्मा पुसला. मग म्हणाल्या, अगं, तुझ्या घरी काही दुःख नाही का, नीट आठव ना जरा. आई नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला की मला त्यांची कीव आली. मी सांगितलं, आई मिळणार नाही. माझ्या वर्गातल्या एकाने त्याच्या कुत्र्याच्या मरणावर दोन पानं लिहिली आणि बाईंनी ती सगळ्यांना वाचून दाखवली. तो कुत्रा परवाच माझ्या अंगावर धावून आला होता. अशा सगळ्या बाजारात मला माझा आत्मा मांडून बसायचं होतं.

तेवढ्यात माझ्या निबंधाचा तू लिहिलेला मसुदा आला. मी मागितला नव्हता. माझ्या स्वभावावर तूच लिहून टाकलंस, की मी शांत, समंजस आणि सोशिक आहे. दादा, तू मला शेवटचं नीट बघितलंस तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. शांत? समोरचा बेकरीवाला मला पाहून रस्ता ओलांडतो. खाली तू सल्लाही दिला होतास, की स्वतःच्या आवाजात लिही. आवाज माझा आणि शब्द तुझे, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती हाकायच्या? तुझा मसुदा मी घडी करून आपल्या लाँड्रीच्या दुकानातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातला. आता ते अजिबात डुगडुगत नाही.

तू स्वतःच्या प्रवेशासाठी लिहिलेला निबंध मात्र अजून भिंतीवर आहे. गल्ल्याच्या वर, काचेच्या चौकटीत. बाबांनी तो कशासाठी लावला असेल ते मी समजू शकते, पण ती काच रोज पुसायचं काम माझ्याकडे का आलं ते अजून समजलेलं नाही. सगळा पाठ झालाय मला. ‘वाफेच्या धूसर पडद्याआड मला वडिलांचा घामेजलेला चेहरा दिसे आणि श्रमांची महती उमगे.’ काय उमगे, कपाळ? तू दुकानात पाऊल टाकायचास तेच नाकाला रुमाल लावून. ड्राय-क्लीनिंगच्या वासाने तुझं डोकं दुखायचं, म्हणून तू मागच्या खोलीत दार लावून अभ्यास करायचास, आणि आई हळू आवाजात सांगायची, दादाला त्रास देऊ नका. स्टुलावर उभी राहून बाबांच्या हातात हँगर द्यायला मी असायची. वाफ माझ्या तोंडावर यायची आणि महती तुला उमगायची. गिऱ्हाईकं कपडे परत मिळेपर्यंत तो निबंध वाचतात आणि एखादी बाई डोळे टिपते. माझा तिळपापड होतो. शेवटची ओळ तर कहर आहे: ‘मी कुठेही गेलो तरी हे घर माझ्यासोबत असेल.’ घर बिचारं गेलं नाही तुझ्यामागे. आई गेली तेव्हा तू चार दिवस आलास, त्यातही दोन दिवस बाहेर उभा राहून फोनवर बोलत होतास.

असो. दुकानाची हकीकत सांगते, तुला करमणूक होईल. बाबा कॉलरच्या आतली नंबराची चिठ्ठी कधी बघत नसत, हे तुला आठवत असेल, की तेही माझ्यावरच? कपडा हातात आला की ते माणूस ओळखायचे. नंबर नवशिक्यांसाठी, म्हणायचे, आणि त्या बाबतीत त्यांच्याइतका गर्विष्ठ माणूस मी पाहिलेला नाही. मागच्या वर्षी त्यांनी वकिलांचा काळा कोट हॉटेलातल्या वेटरला दिला आणि वेटरचा पांढरा कोट वकिलांना. वकिलांनी कोर्टात पिशवी उघडली आणि आरडाओरडा केला. वेटर मात्र महा बिलंदर. त्याने तो कोट एक संध्याकाळ घालून पाहिला, आणि म्हणाला, ताई, पहिल्यांदाच कुणी मला ए म्हणून हाक मारली नाही. आम्ही सगळे पोट धरून हसलो. बाबाही हसले, पण ते थोडे उशिरा हसले.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंचा एप्रन कुणाकडे गेला तो अजून सापडलेला नाही. मग एका नवऱ्या मुलाच्या सुटावर इस्त्री तशीच ठेवून बाबा चहा प्यायला निघून गेले. मी कॉलर जळल्याच्या वासाने धावत आले नसते तर दुकान राहिलं नसतं. तेव्हापासून मी शाळेआधी आणि शाळेनंतर त्यांच्या पाठीशी उभी असते. ते कपडा देतात, मी हळूच नंबर बघते, आणि चुकलेलं असलं तर म्हणते, बाबा, याचं एक बटण तुटलंय, लावून देते. त्यांचा गर्व दुखवायचा नाही म्हणून मी इतक्या धडधाकट बटणांना नावं ठेवली आहेत की बटणांनी माझ्यावर फिर्याद करावी.

तुला कळू दिलं नाही. बाबांनीच शपथ घातली होती, शपथ घालण्याइतके ते शाबूत होते तेव्हा. दादाच्या कामात अडथळा नको. आणि तुला तरी कुठे काही जाणवलं? दर रविवारी फोनवर बाबा झकास बोलतात. हो हो, दुकान उत्तम, तब्येत ठणठणीत, तू कसा आहेस. एवढ्या तीन वाक्यांवर ते अजून निभावून नेतात, आणि तुला चौथं वाक्य कधी लागलंच नाही. फोन ठेवला की मला विचारतात, कोण होतं. परवा ते बाजारातून घरी यायच्याऐवजी आपल्या जुन्या भाड्याच्या घरी जाऊन तिथल्या लोकांच्या खुर्चीवर बसले, आणि माझ्या घरात तुम्ही काय करताय म्हणून त्यांनाच दटावलं. ते लोक भले होते म्हणून चहा देऊन पोचवून गेले. त्या रात्री मी त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरमध्ये पत्त्याची चिठ्ठी शिवली. शिवताना मला रडू आलं आणि तुझा इतका राग आला की सुई बोटात गेली. संध्याकाळी ते विचारतात, दादा आला का अभ्यासाहून. मला कधी कधी विचारतात, तुझे कपडे कुठल्या नंबरचे, ताई?

तर मी काय लिहिलं ते ऐक. लिहिलं की माझा स्वभाव खवचट आहे आणि तो मला बरा वाटतो. लिहिलं की माझी प्रेरणा माझा मोठा भाऊ. ‘घर सोडता येतं, आणि सोडल्यावर आकाश कोसळत नाही, हे मला त्याने दाखवलं. कोसळलंच, तर ते मागे राहिलेल्यांवर कोसळतं.’ बाईंनी कपाळाला हात लावला, म्हणाल्या, असं कुणी लिहितं का. कॉलेजने कळवलं की माझ्या प्रामाणिकपणाने ते भारावले. भारावायचाच त्यांना पगार मिळतो, ते जाऊ दे. पण तू बाबांना विकून गेलास आणि मी तुला विकून चालले, म्हणजे एका माळेचे मणी आहोत आपण.

आता हे पत्र कशासाठी ते. मी जाणार, त्यावर तुझं मत मागितलेलं नाही. बाबांना एकटं ठेवता येत नाही, हे तू आता वाचलंस. इथे येऊन राहा, नाहीतर त्यांना तुझ्याकडे ने. दुकान चालव, वीक, कुलूप लाव, ते तुझं तू बघ, मोठा आहेस. खरं सांगायचं तर हे तुला लिहायची माझी छाती होत नव्हती. म्हणून गेल्या आठवड्यात आधी बाबांनाच सांगून पाहिलं, की मी शिकायला जाते आहे आणि दादा येतो आहे. म्हटलं, सकाळपर्यंत विसरतील. मग तू नाही आलास तरी त्यांना कळणार नाही, आणि मी मुकाट्याने कॉलेजला नकार कळवीन. सकाळी बघते तर बाबा गुळगुळीत दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, दारात खुर्ची टाकून बसलेले. तेव्हापासून रोज बसतात. मी जाणार हे ते विसरले आहेत. तू येणार हे विसरत नाहीत.

तुझीच,
ठमी