बाभळीचे दोन ठोकळे

कामथडी, हायवेलगत
डिसेंबर २००६

प्रिय वाजिद,

आधी एक थोबाडीत घे, मग दुवा घे. दोन वर्षं आणि वर पाच महिने झाले, ना चिठ्ठी ना सांगावा. मोबाईल लावला तर माझा आवाज ऐकून तू कापतोस. म्हणून हा कागद. कागद कापला जात न्हाई. फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. लिहितोय तुझा लतीफचाचा. दचकू नकोस. बाजेवर बसलाय, वही मांडीवर घेतलीय. डावा पाय गुडघ्याशीच संपतो, त्याची लुंगी दुमडून खाली खोचलीय. मी ‘न्हाई’ म्हटलं की हा ‘नाही’ लिहायला बघतो, मोठा मास्तर लागून गेलाय. पण शिव्या गाळायच्या न्हाईत असं बजावलंय. आणि तुझ्या दादामियांची आण घातलीय, की मी ‘बास’ म्हणेपर्यंत पेन खाली ठेवायचं नाही. कशाला, म्हणून तीनदा विचारून झालं त्याचं. शेवटी कळेल म्हटलं. तूही थांब.

आपल्या घरात कुणाला जमीन मिळाली न्हाई, दागिना मिळाला न्हाई, वारसा म्हणून राग तेवढा सगळ्यांना सारखा मिळाला. लग्नाच्या आठव्या दिवशी तुझ्या दादामियांनी मला ताटली फेकून मारली. नवव्या दिवशी मी त्यांच्या पायावर मुसळ टाकलं. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं आमचा संसार बरोबरीत चालला. तुझा बाप गेला तेव्हा तू सात वर्षांचा होतास. लतीफनंच तुला वाढवलं आणि यानंच तुला बडवलं. पाना हातात असला तर पान्यानं, नसला तर फॅनबेल्टनं. तुझ्या पाठीला हळद लावता लावता माझी बोटं पिवळी राहायची. आता मान खाली घालून लिहितोय बघ. लिही म्हणावं, मारताना लाज वाटली न्हाई, लिहिताना कसली?

तर ती गाडी. पानशेतला बंगला असलेल्या शेठची, लांब शेपटाची, परदेशी, माझ्या निकाहाच्या सालातली. माझ्याहून बरी राहिली होती. शेठला हौस आली, की गाडीनं बटण दाबल्यावर उठावं आणि बटण दाबल्यावर बसावं. तुम्ही दोघांनी तिचे दणके झेलणारे चांगले कमानपाटे काढून फेकले आणि घाटात उलटलेल्या लक्झरी बसचे चार रबरी फुगे भंगारातून आणून तिच्या बुडाखाली बसवले. डिकीत हवेची टाकी, पंप, गाडीभर नळ्या. कुठं हवा गळते ते बघायला माझ्या धुण्याचा साबण पळवला. मी म्हटलं, मेल्यांनो, गाडी बनवताय का पाळणा? पहिला फुगा फुटला तेव्हा तोफ झाल्यासारखा आवाज झाला, पत्र्याचा तुकडा उडून लतीफची भुवई फाटली, आणि रक्त पुसायच्या आधी यानं तुझ्या कमरेत लाथ घातली, पट्टी नीट आवळली न्हाई म्हणून. तरी जमलं तुम्हाला. पहिल्यांदा ती उठली तेव्हा दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून पोरांसारखे नाचलात. म्हैस बसावी तशी आधी पुढून, मग मागून खाली बसायची. खोटं कशाला बोलू, मलाही आवडली. तुम्ही नसताना मी एकदा तिच्यात बसले होते.

लतीफचा एक कायदा होता. हवेवर उभ्या गाडीखाली बोटसुद्धा घालायचं न्हाई. खाली बाभळीचे चार ठोकळे, दोन पुढं, दोन मागं, मगच आत शिरायचं. ठोकळे ठेवल्यावर गाडी चार बोटं खाली यायची आणि धप्पकन अडायची. त्याचाच तुम्ही खेळ केला होता. खाली झोपलेल्याच्या अंगावर वरून बटण दाबायचं, गाडी दणकन ठोकळ्यावर आदळायची, खालचा आईबहिणीवरून शिव्या द्यायचा, वरचा पोट धरून हसायचा. हा खेळ लतीफनंच सुरू केला. तुझी भीती मोडायला, म्हणे.

तू म्हणशील, म्हातारे, हे मला कशाला सांगतेस, मी तिथंच होतो. होतास. पण तुला सगळं ठाऊक न्हाई.

तो जुम्म्याचा दिवस. आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. लतीफ नमाजला गेला होता, आणि तू शेठच्या ड्रायव्हरला गाडी ठोकळ्यांवर चार बोटं उठवून-बसवून दाखवत होतास. तेवढ्यात हा परत आला आणि यानं त्या परक्या माणसासमोर तुझ्या कानाखाली काढली, तुझी टोपी उडून ऑइलात पडली. मग यानं ड्रायव्हरला हायवेपर्यंत सोडलं, परत येऊन कपडे बदलले, विचारलं, “ठोकळे ठेवलेस?” तू म्हणालास, “नमाजला गेलात तेव्हाच ठेवलेत.” हा आत शिरला. आत शिरूनही तोंड थांबेना. गाडीखालून म्हणाला, “बापासारखाच बिनकामाचा निघालास, तोही असाच मेला.” चुलीपाशी मला ऐकू आलं. तुझ्या बापाला मी जन्म दिला होता, मी हातातली पळी पातेल्यावर आपटली. तू बटण दाबलंस. रोजच्यासारखं, चार बोटांपुरतं.

धप्प आवाज आलाच न्हाई. दुसराच आवाज आला. ओला बांबू मोडावा तसा. मग लतीफची किंकाळी.

गाडी उचलायला हायवेवरची सात माणसं लागली. पाय पायासारखा राहिला नव्हता. मागच्या बाजूला ठोकळे न्हाईत हे मोहसीननं पाहिलं. लतीफचा मेव्हणा तो, त्याला सरळ विचार करायची सवय न्हाई. “वाजिदनं ठोकळे न ठेवता बटण दाबलं,” असं ओरडला, आणि मग तुझ्यावर सगळे जे तुटून पडले ते मी उंबऱ्यातून पाहिलं. पाइप, बूट, बेल्ट. तुझा दात माझ्या पायाशी येऊन पडला. तू हात वर करून ओरडत होतास, “ठेवले होते! दादी, सांग ना, मी ठेवले होते!” पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघून. मी पदर तोंडात कोंबून उभी राहिले. मग तुझा आवाज बारीक झाला. शेवटी तू म्हणालास, “नसतील ठेवले.” आणि अंधार पडायच्या आत तू निघून गेलास.

भोरच्या दवाखान्यात पोलीस आले, तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या लतीफनं सांगितलं, जॅक घसरला, कुणाचा दोष न्हाई. हे तुला कुणी कळवलं न्हाई, म्हणून मी कळवते. पण घरी आल्यावर, पाय ठणकायला लागला की हा भिंतीशी बोलायचा, “ज्या हातानं ठोकळे ठेवले न्हाईत, तो हात समोर आला तर मनगटापासून छाटीन.” शंभरदा तरी म्हणाला असेल. मी त्याला शंभर वेळा चहा दिला.

परवा विंझरचा गेनू टेम्पो घेऊन इथं थांबला. कोल्हापूरला एका गॅरेजात तुला बघितलं म्हणाला. गाड्या धुतोस. पाना हातात घेत न्हाईस, गाडीखाली जात न्हाईस. आणि म्हणाला, “आजी, तिथला मालक पोराला कुत्र्यागत मारतो, अन् पोरगं हातसुदिक आडवा धरत न्हाई. उभंच ऱ्हातंय.” ते ऐकलं आणि मी लतीफपुढं वही आणून ठेवली. आपल्या घरातला पोरगा मार खातो आणि उलटून एक शिवी देत न्हाई? म्हणजे तू रोज तिथं तुझी सजा भोगतोयस. तुला खरंच वाटतंय की तू ठोकळे ठेवले नव्हतेस.

तू ठेवले होतेस, वाजिद. आठ दिवस मी तुम्हा दोघांना सांगत होते, लाकडं फोडून द्या, सगळं सरपण भिजलंय, चूल नुसती धुमसते. एकाला ऐकायला वेळ न्हाई, सगळा जीव त्या गाडीच्या बुडात. त्या जुम्म्याला धुरानं डोळे फुटायची वेळ आली तेव्हा माझं डोकं फिरलं. गाडीला कोरडं लाकूड मिळतं आणि माझ्या चुलीला न्हाई? हा ड्रायव्हरला सोडायला गेला होता, तू नळावर हात धुवायला. गाडी उठवलेली होती, ठोकळे सुटेच होते. मागचे दोन मी ओढून नेले. ते कशासाठी असतात ते मला ठाऊक होतं, अडाणी असले तरी तेवढी अडाणी न्हाई. वाटलं, शिरायच्या आधी शोधतील, बोंबलतील, मग म्हणेन, आधी लाकडं फोडा. धडा शिकवायचा होता. दहा वर्षांचं ऑइल प्यालेली बाभूळ ती, असा जाळ लागला की कालवणाला धडाधड उकळी आली. त्या जाळापुढं मी खूश होऊन बसले होते, आणि तू “ठेवलेत” म्हणालास तेव्हा कालवण ढवळत होते. उठून दोन पावलं गेले असते तरी झालं असतं. त्याच वेळी यानं तुझ्या बापाचं नाव काढलं, माझ्या डोक्यात रागाशिवाय काही उरलं न्हाई, आणि तेवढ्यात तू बटण दाबलंस. आता याचं पेन थांबलंय. थांबलंय हेही लिही, लतीफ, दादामियांची आण आहे. माझ्याकडे बघतोय. मी माझा उजवा हात त्याच्या वहीवर ठेवलाय, हाच तो हात, छाटायचा तर छाट. मेल्यावर अल्लापुढं उभी राहीन तेव्हा राहीन, आधी तुमच्या दोघांपुढं उभी राहायची होती, म्हणून हे पत्र. वाजू, उद्या त्या मालकानं हात उचलला तर मनगट धर त्याचं. मग ये. इथं येऊन मला मार, ओरड, ताटली फेक, पण ये. बास.

तुझीच,
दादी (सकिना)

वाजिद, शाई नव्हती, म्हणून खालच्या अंगठ्याला काळं ऑइल लावलंय. अम्मीचा हात धरून तो मीच उठवला. ठोकळे आता लोखंडाचे केलेत, जळत नाहीत. मागचे दोन कुणी ठेवायचे ते तुझ्यावाचून अडलंय.

लतीफ