दाजींनी विद्या प्यायली

सणसवाडी, शुक्रवार

चि. अलीम यास अकिलाआपाचा सलाम आन् मोठी दुवा. तुझी पाठ आता कशी हाय? दौंडात तुझं जडीबुटीचं दुकान बरं चालत असंल. इकडं समदं ठीक हाय असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिलं.

फोन न करता दौंडाला निघालेल्या सद्दामच्या हाती चिठ्ठी धाडतेय, कारण फोन लावला की तुझे दाजी शेजारी येऊन बसत्यात (माझ्या आधी त्यांचा खोकलाच हॅलो म्हणतो). त्या खोकल्यावर तू तालीसपत्र सांगितलं व्हतंस. इथल्या दुकानदाराकडं न्हवतं. तो म्हणाला, पहाडातल्या देवदाराच्या भाऊबंदातलं झाड हाय, पान हिरवं, बारीक, वासाचं. आता सणसवाडीत पहाड कुठनं आणू? पर सर्जेरावआबांच्या बंगल्यापुढं मोरपंखी हाय, तीबी हिरवी, बारीक, वासाची. घेतली ओंजळभर तोडून. (झाड एका बाजूनं न्हाव्यानं अर्धवट सोडल्यावानी दिसतंय. आबांनी विचारलं तर शेळीचं नाव सांगणार व्हते, मग ध्यानात आलं, गल्लीत शेळी फक्त आमचीच.)

प्यायला द्यायचं धाडस झालं न्हाई, म्हणून नुसती वाफ द्यायची ठरवली. पातेलं पुढं ठेवलं, दाजींच्या डोक्यावर चादर टाकली आन् मी भाकरी थापायला गेले. चादरीच्या आत या माणसानं काय करावं? वाफेनं घाम येतो म्हणून कपानं ते पाणीच प्यायला लागले. वर मला सांगत्यात, काढ्यात गूळ कमी हाय. तेवढ्यात आबांची तेजश्री तोडलेल्या झाडाचा माग काढत आली. म्हणाली, मावशी, हे विद्येचं झाड, पोरं पान वहीत ठेवत्यात, पोटात गेलं तर विषारी. सातवी नापास माणसाच्या पोटात एकदम इतकी विद्या. भाकरी तव्यावरच टाकली. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. दोनच घोट गेले व्हते, डॉक्टरनी बसवून ठेवलं, मग घरी सोडलं. दवाखान्याच्या बाकावर त्यांना डुलकी लागली आन् खोकला थांबला, तवा मी सारखी नाकापुढं बोट धरत व्हते. शेवटी जागे झाले, माझ्यावर खेकसले आन् खेकसता खेकसता खोकले. तो खोकला ऐकून माझ्या जिवात जीव आला बघ.

पोरांना माझे मुके दे.

तुझी आपा,
अकिला

ता.क. खरं तालीसपत्र आता धाडू नगंस.

ता.क. दुसरा. डॉक्टरनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय. हे म्हणत्यात, काढला की कायतरी निघतं, न काढलेला बरा. आन् गेल्या आठवड्यापासनं आपला रुमाल स्वतः धुत्यात. लग्न झाल्यापासनं या माणसानं चमचा धुतला न्हाई. काल वाळत घातलेला रुमाल पाहिला, लाल डाग पुरता गेला न्हवता. मी पाहिलाय हे त्यांना ठाऊक न्हाई. तुझं ऐकत्यात ते. गल्ल्यावर बसायला माणूस पायजे म्हणून बोलव आन् तिथनं सरळ फोटोला ने. उद्याच बोलव. मला लई भ्या वाटतंय.