गुटगुटीत

प्रिय गाठोड्या,

या नावाने तुला हाक मारणारी आता मी एकटीच उरलेय. आई-बाबा गेले, मामी गेली, आणि तुझ्या नवऱ्याला तू हे नाव सांगितलं असशील असं वाटत नाही. तू जन्मलीस ती दुपट्यात मावेनास, म्हणून तू गाठोडं आणि मी काडी. माझ्या वेळी आई स्वतःच फिकट, अशक्त पोर होती. पुढे ती अंगाने सुटली आणि मग तू झालीस.

तुझा फोन आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. आता आम्हाला बाळ हवंय, म्हणालीस. वर हसून म्हणालीस, मी अशी भरलेली, बाळही गुटगुटीत होईल. मीही हसले. वॉर्डात दिवसभर बोलून घसा बसतो, आणि घरी आलं की दाराच्या कुलपाशी बोलायची वेळ येते. तुझी बातमी सांगायलासुद्धा कुणी नव्हतं.

नवजात बाळांच्या वॉर्डात इतकी वर्षं काढली, पण एक दृश्य बदलत नाही. बारकं बाळ काट्यावर ठेवलं की नातेवाइकांचे चेहरे पडतात. दांडगं आलं की आजीला आकाश ठेंगणं होतं, आत्या फोटो काढत सुटते. नेमकी त्याच बाळाच्या टाचेला मी सुई टोचते, तेव्हा सगळे माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघतात. धडधाकट पोराला कशाला छळता म्हणतात. आईच्या रक्तात साखर वाढलेली असली की ती पोटातल्या बाळालाही मिळत राहते, बाळ वाढतं. बाहेर आल्यावर ती रसद तुटते आणि त्याची साखर झपकन उतरते. हातपाय थरथरायला लागतात. म्हणून ते टोचणं, थेंबभर रक्तात साखर बघायला. आणि यातलं पुष्कळसं दिवस राहण्याआधीच ठरत आलेलं असतं ग, आईच्या तब्येतीवर.

मागच्या खेपेला आलीस तेव्हा बसथांब्यावर पाण्याची बाटली एका दमात संपवलीस आणि घरी पोचेपर्यंत दुसरी. उन्हाला नावं ठेवलीस. त्या दिवशी ऊन नव्हतं. आईसुद्धा पाण्याचं भांडं हातात घेऊनच घरभर फिरायची, आणि बाबा तिला मासोळी म्हणून चिडवायचे. आम्ही सगळे हसायचो.

आता फणकारशील, ताई परत माझ्या वजनावर घसरली. नाही ग बाई. वजनावरून तुला टोचून बोलणाऱ्यांचा मलाही राग येतो. नुसतं रक्त तपासून घे, आणि आधी घे. साखर निघालीच तर ती आटोक्यात आणता येते, मग खुशाल बाळाचा विचार कर. आधी काळजी घेतलेल्या किती आयांची छान बाळं मी रोज हातात घेते.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नाही. तुझ्या पाठीवर आपल्याला भाऊ झाला होता. तू दुडुदुडु चालायचीस तेव्हा, तुला आठवणार नाही. जन्मला तेव्हा तुझ्याहूनही दांडगा होता. सगळी गल्ली बघायला आली, गुटगुटीत, गुटगुटीत म्हणत. त्याची टाच कुणी टोचली नाही, आईची साखर कधी कुणी पाहिलीच नव्हती. त्याचे हात थरथरत होते. मला वाटलं, हा मला टाटा करतोय, म्हणून मीही केला. सकाळी पाळणा रिकामा होता. आईने पुन्हा त्याचं नाव काढलं नाही, मलाही काढू दिलं नाही. तेव्हापासून त्याची बहीण मी एकटीच आहे. तुझ्या बाळाची टाच टोचायची पाळी माझ्यावर आणू नकोस, मला त्याला नुसतं मांडीवर घ्यायचंय. सोमवारी रजा टाकलीय. उपाशीपोटी ये, रक्त द्यायला दोघी मिळून जाऊ.

तुझीच,
काडी