टोक मोडलेला चाकू

७ जानेवारी १९६२, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी नियमित. गेल्या वर्षीची मार्चपर्यंत नियमित होती, पुढे ऑडिट आलं. यंदा सबब नाही.

संग्रहाची स्थिती: खलाशांचे दोर कापायचे जुने चाकू, एकूण सात. राजस्थानात असा संग्रह दुसऱ्या कोणाकडे नाही. हे मी खात्रीने लिहू शकतो, कारण असा संग्रह असतो हेच इथे कोणाला ठाऊक नाही. वर्षअखेर पंचवीस करायचे, मग इंग्रजी मासिकाला सचित्र लेख.

सुनंदाला हे सांगितलं. तिने विचारलं, आपल्या बनी पार्कात समुद्र कुठल्या बाजूला आहे. मी वाद घातला नाही. माझा तर्क साधा आहे. हे चाकू दोर कापायचे आहेत, हे घाटगेटचे घीसालालजी स्वतः सांगतात, आणि जुन्या सामानात त्यांची हयात गेली. आता जयपुरात जहाज नाही, शीड नाही, मग इथे दोर कापणार कोण? अर्थात माल बंदरातून आलेला. घीसालालजी म्हणतात, कराचीहून. एवढी सरळ गोष्ट आमच्या विमा ऑफिसात एकालाही सुचली नाही.

थंडी फार आहे. खाटेवर बसून लिहितो आहे. खाटेची दोरी मधोमध इतकी सैल पडली आहे की अक्षर बिघडतं.

१४ जानेवारी. संक्रांत.
सगळं शहर गच्चीवर पतंग उडवतंय. मी काम केलं.

घीसालालजींनी माझ्याकरता दुकानाचं अर्धं दार उघडलं. पितळी मुठीची जोडी दाखवली. अप्रतिम. एका मुठीच्या खाचेत गवती दोरीचे तंतूसुद्धा अडकलेले होते, म्हणजे जहाजावरचा मूळ दोर! आकार ताडून बघायला मी बाबांचा चाकू बरोबर नेला होता. घीसालालजींना त्याचं पोलाद आवडलं. विलायती लोहा, म्हणाले. पैसे नकोत, तो द्या नि जोडी न्या.

दिला. एकाला दोन. शिवाय तो संग्रहात शोभत नव्हताच. टोक मोडकं, मुठीला काळी पडलेली दोरी आणि तिला कसलीशी गाठ. बाबांनी तीस वर्षं बोटीवर वापरला म्हणजे तो जुना झाला, अँटिक नव्हे. संग्रह करणाऱ्याने भावना बाजूला ठेवायच्या असतात.

परतताना टांग्यात जरा कसंतरी झालं. तिळगूळ जास्त खाल्ला असणार.

२२ जानेवारी. संध्याकाळी.
मालवणहून विष्णूदादाचं पत्र. घराला नवी खोली काढली आहे. तिथे बाबांचा मोठा फोटो लावायचा आणि फोटोखाली काचेच्या पेटीत बाबांचा चाकू. आई मार्चमध्ये नातीला बघायला आमच्याकडे येते आहे, परत येताना तिच्याबरोबर चाकू दे.

बाबा गेले तेव्हा तो चाकू दादालाच हवा होता. आईने मला दिला, का तर मी समुद्रापासून सर्वांत लांब चाललो होतो. दादा हे पाच वर्षं विसरलेला नाही. पत्रात शेवटी लिहितो: हरवला नसशील अशी आशा आहे.

हरवलेला नाही. कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे. रविवारी जाऊन आणायचा.

२८ जानेवारी. रविवार.
सर्दी.

४ फेब्रुवारी. रविवार.
अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत, जगबुडी होणार म्हणून गल्लोगल्ली हवनं. घाटगेटपर्यंत गेलो. घीसालालजींच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणाला, ते कुटुंबासह पूजेला बसले आहेत, जग उरलं तर मंगळवारी उघडतील.

माणूस प्रयत्न करतो, ग्रहच आडवे येतात.

११ फेब्रुवारी.
जग उरलं. चाकू उरला नाही.

घीसालालजी म्हणाले, कोणी तरी कामकरी माणूस बघताक्षणी घेऊन गेला. नाव ठाऊक नाही. मी थोडा आवाज चढवला. त्यांनी मला बसवलं, चहा पाजला आणि आणखी दोन चाकू काढले. हे त्याचेच भाऊ समजा, म्हणाले. घेतले. रिकाम्या हाताने घरी जाणं बरं दिसत नाही.

एकूण अकरा. फळीवर खिळे मारून ओळीने लावले. बघून समाधान वाटायला हवं होतं. दमल्यामुळे वाटलं नाही.

१८ फेब्रुवारी. रविवार. दुपारी.
दिवाळीत चौड्या रस्त्याच्या बाजारातून घेतलेलं जहाजी हत्यारांवरचं इंग्रजी पुस्तक आज वाचायला काढलं. आतापर्यंत चित्रं पाहिली होती.

तिसरं प्रकरण. जुन्या काळी काही कप्तान खलाशी बोटीवर चढला की त्याच्या चाकूचं टोक मोडून टाकायला लावत. भांडणात कोणी कोणाला भोसकू नये, डोलकाठीवरून हातातून सुटला तर खालच्याच्या अंगात रुतू नये. मोडलेलं टोक ही खलाशाच्या चाकूची ठळक खूण, असं लेखक लिहितो.

फळीवरचे अकराही चाकू नीट तपासले. सगळ्यांना टोक आहे.

लेखकाचा अभ्यास अटलांटिक महासागरापुरता दिसतो.

(दुपारी ४. पुन्हा वाचलं. तेच लिहिलंय.)

२५ फेब्रुवारी.
योजना ठरली. अकरांपैकी साधारण त्याच मापाचा एक निवडायचा आणि त्याचं टोक मोडायचं. याला फसवणूक म्हणता येणार नाही. पुस्तकानुसार कप्तान हेच करत.

सकाळी खलबत्त्याने प्रयत्न. चाकू जसाच्या तसा. माझ्या अंगठ्याला दोन टाके.

माधवी शेजारी उभी राहून बघत होती. आठ वर्षांची आहे, हिंदी शाळेत जाते. विचारते, बाबा, मतलब आपण आजीला झूठ बोलणार का? मी म्हटलं, याला रेस्टोरेशन म्हणतात. तिला शब्द कळला नाही. बरंच झालं.

४ मार्च.
संडासाच्या दाराच्या बिजागरीत अडकवल्यावर टोक मोडलं. दारही थोडं मोडलं. सुनंदा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त थकवा येतो.

मुठीला दोरी गुंडाळली. चुलीची काजळी आणि खोबरेल चोळून काळी केली. गाठीपाशी अडलं. बाबा रजेवर घरी आले की ती गाठ मला शिकवायला बघत. मी मॅट्रिकचा अभ्यास करत होतो. एकदा त्यांना म्हटलंही होतं की मला ऑफिसात बसायचंय, दोराच्या गाठी काय करायच्यात. त्यानंतर त्यांनी दोरी पुढे केली नाही.

शेवटी बुटाच्या नाडीची बांधली. आईला मोतीबिंदू आहे, ही देवाची कृपा.

तसं लिहायचं नव्हतं. खोडत नाही, पान खराब होतं.

११ मार्च. रविवार.
आई आली. मुंबईपर्यंत बोटीने, पुढे गाडीने. पाणी प्यायच्या आधी तिने चाकू मागितला.

दिला. तिने मूठ हातात धरली, गाठीवरून अंगठा फिरवला. एकदा. मग पुन्हा. मग सुनंदाला म्हणाली, चाय टाक गो. चाकू लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला.

म्हणजे जमलं. उगाच दोन महिने काळजी केली. जेवण मात्र गेलं नाही. गाडीची धूळ.

१४ मार्च.
खोलगट खाटेवर झोपून आईची पाठ धरली. सुनंदा म्हणाली, चाकू गोळा करायला वेळ मिळतो, खाट विणून घ्यायला मिळत नाही. रविवारी माणूस बोलावला आहे. आई बाबांबद्दल काही बोलत नाही. पूर्वी रोज बोलायची. प्रवासाचा शीण असेल.

१८ मार्च. रविवार. रात्री ८.
क्रमाने लिहितो.

सकाळी आठला खाट विणणारा आला. देवराम नाव, पन्नाशीचा, पागोटं, शांत माणूस. खाट बाहेर काढायला खोलीत आला आणि फळीकडे बघत उभा राहिला. मला अभिमान वाटला. पहिल्यांदाच कोणी इतकं निरखून बघत होतं. मग त्याने आनंदाने विचारलं, बाबूजी, आप भी खाट बुणो छो कांई?

मी म्हटलं, हे जहाजावरचे चाकू आहेत. तो नम्रपणे म्हणाला, असतील. पण अशानेच आम्ही खाटेची दोरी कापतो. पितळी मुठीची जोडी त्याच्या चुलत्याची होती. म्हातारपणी हात चालेना तेव्हा चुलत्याने घीसालालजींना विकली. बाकीचेही त्याने ओळखले, दोन सोडून. ते दोन म्हणे उंटाचा साज शिवणाऱ्यांचे.

पाच वर्षं मी या शहरात दोरीच्या खाटेवर झोपतो आहे. आणि मलाच प्रश्न पडला होता की इथे दोर कापणार कोण.

मी ऑफिसचा तक्ता बघायचं निमित्त करून आत गेलो. कुठला तक्ता ते आठवत नाही.

देवराम अंगणात कामाला बसला. आई त्याच्या शेजारी उन्हात बसली. तिला हिंदी येत नाही, त्याला मराठी येत नाही, पण दोरीचं काम दोघांनाही समजत होतं. ती दोरीची गुंडाळी सोडवून देत होती, तो ओढून घेत होता. मी त्याच्यासाठी चहा घेऊन दारात आलो तेव्हा त्याने दोरी कापून चाकू खाली ठेवला. आईचा हात दोरी चाचपत त्याच्यावर पडला.

मला दारातूनच दिसला. मोडकं टोक. काळी दोरी.

आईने गाठीवरून अंगठा फिरवला. या वेळी एकदाच. म्हणाली, हो ह्यांचो.

मला रडू आलं. चहा सांडला, कप फुटला. अंगणात उभा राहून सगळं सांगितलं. संक्रांत, पितळी जोडी, बिजागरी, काजळी. आई म्हणाली, गाठीवरसून माका त्याच दिसाक कळला. एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

देवरामला भाषा कळली नाही, पण गोष्ट कळली. घाबरून उठला आणि दोन्ही हातांवर चाकू ठेवून माझ्यापुढे धरला. म्हणाला, इतका चांगला चाकू हाताला कधी लागला नव्हता. पण तुमच्या वडिलांचा आहे तर घ्या. बदल्यात काही नको.

मी हात पुढे केला. आईने तो खाली केला.

ती म्हणाली, ह्याच्याकडेच ऱ्हवांदे. दोर कापता हा. तुझ्याकडे ऱ्हवलो तर परत कोणाक तरी देतलस.

मग तिने मुठीवरची जरा सैल झालेली गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि चाकू देवरामला दिला. गाठ कशी पडते ते बघायचा मी प्रयत्न केला. तिची बोटं फार भरभर चालतात, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

संध्याकाळपर्यंत तिन्ही खाटा विणून झाल्या. तो चाकू दोरीवर नुसता टेकला तरी दोरी तुटत होती.

१ एप्रिल. रविवार.
आईला स्टेशनवर सोडून आलो. डब्यात बसल्यावर तिने ट्रंक उघडायला लावली आणि मी केलेला चाकू बाहेर काढला. मी म्हटलं, तो इथेच राहू दे, दादाला मी खरं काय ते लिहितो. तिने माझी नाडीची गाठ सोडली आणि बाबांची बांधली.

म्हणाली, विष्णून विचारल्यार हो ह्यांचोच म्हणान सांगतलंय. दोघां भाव बोलूचे बंद झालास तर माझा कसा?

गाडी सुटली. मी तिला नमस्कार करायचा विसरलो.

८ एप्रिल.
कॅटलॉग दुरुस्त केला. 'खाट विणायचे चाकू, आठ. उंटाचा साज शिवायचे, दोन.' फळीवरच्या अकराव्या खिळ्याला सुनंदाने चहाची गाळणी लावली आहे. काढायला सांगणार होतो. राहू दिली.

२२ एप्रिल. रविवार.
दादाचं पत्र. आई सुखरूप पोचली. चाकू काचेच्या पेटीत ठेवला. लिहितो: हातात घेताक्षणी मी ओळखला. तीच गाठ, तेच टोक. लहानपणी बाबांच्या कमरेला तो बघितलेला, मी चुकणार कसा? अख्खी वाडी बघून गेली. तू इतकी वर्षं नीट जपलास, मी उगाच संशय घेतला, मोठ्या मनाने विसरून जा.

पत्र तीनदा वाचलं. आज दादाला सगळं खरं लिहायचं, असा निश्चय केला.

सकाळी दहापासून बसलो आहे. खाट आता घट्ट आहे, अक्षर चांगलं येतं. 'तीर्थस्वरूप दादास' इथपर्यंत लिहून झालं आहे.