पट्टीवरची तारीख

दि. ३ सप्टेंबर

ती. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यामुळे साष्टांग आता कागदावरच घालता येतो, तेवढा गोड मानून घे. वहिनीला नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद, आणि तुमच्या गुरुजींना काही नाही. त्यांना देणारे पुष्कळ आहेत.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, फर्मानच ते. पितृपंधरवड्यातल्या सप्तमीला तुम्ही सगळे इथे येणार, दुकानाच्या वर बाबांच्या खोलीत त्यांचं श्राद्ध करणार, चाळीस पानं उठणार. त्याआधी मी बाबांचा मोठा फोटो मढवून ठेवायचा. चौकट सोनेरी, खाली पितळी पट्टी, पट्टीवर नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख आणि तिथी. शेवटी लिहितोस, ‘काम नीट कर.’ तीस वर्षं मी फोटोच मढवते आहे, दादा. तुझ्या लग्नाचा मढवला तेव्हा वहिनीच्या मामांचं अर्धं डोकं चौकटीबाहेर ठेवायला तूच सांगितलं होतंस, आठवतंय?

हे सगळं कशासाठी, तर चिरंजीवांचं लग्न दोनदा ठरून मोडलं, तुझी कंबर धरली, आणि गेली तीन वर्षं श्राद्धाच्या पानाला कावळा शिवत नाही. गुरुजींनी डोळे मिटून निदान केलं की बाबा अतृप्त आहेत. आता जिथे त्यांनी प्राण सोडला तिथेच विधी झाला पाहिजे म्हणे. तुमच्या अकराव्या मजल्याच्या गॅलरीला कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळी मारली आहे, हे गुरुजींना कोणी सांगितलं का? कावळ्याने आत यायचं कुठून, बेल वाजवून?

सध्या दुकानात हीच गर्दी आहे. वर्षभर अडगळीत पडलेले आईबाप या दिवसांत बाहेर निघतात. काल एकजण आईचा फोटो घेऊन आला. लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, आईच्या खांद्यावर कुणाचं तरी कोपर तसंच राहिलेलं. वेगळा फोटो नाही का, म्हणून विचारलं. म्हणाला, काढायचा राहूनच गेला. मग अर्धा तास सोनेरी चौकट घ्यावी की काळी यावर बायकोशी फोनवर वाद घालत बसला. मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला पसंती विचारावी लागत नाही. मी मुकाट्याने काच कापली आणि कोपर माउंटच्या पुठ्ठ्याखाली दडवलं.

तू त्याच्याहून वेगळा आहेस असं समजू नकोस. शेवटच्या तीन वर्षांत तू बाबांना भेटायला एकदा आलास. चार तास. त्यातला एक तास गाडी सावलीत लावण्यात गेला. ते गेल्यापासून मात्र सहा वर्षं एक श्राद्ध चुकवलं नाहीस. सोवळं नेसून, उघड्या अंगाने हातातून तीळपाणी सोडतानाचे फोटो दर वर्षी नातेवाइकांच्या ग्रुपवर येतात. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. आत्या तर लिहितेच, असा मुलगा सात जन्म मिळो. जिवंत बाबांना अर्धा दिवस, मेलेल्यांना दर वर्षी पूर्ण दिवसाची रजा. मला या थोतांडाची शिसारी येते, आणि हे मी तुला तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे त्यात नवीन काही नाही.

तर पट्टीचं. नाव कोरणारा शेजारच्याच गल्लीत बसतो. त्याने मजकूर मागितला. मी कागद घेऊन नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. पुढे हात चालेना. दुसऱ्या दिवशी तो आला, तिसऱ्या दिवशी आला. म्हणाला, “ताई, स्वतःच्या बापाची तारीख विसरलात होय?” मी त्याला चांगलंच झापलं. तो गेल्यावर पुन्हा कागद घेऊन बसले आणि पुन्हा तसंच झालं.

म्हणून हे पत्र.

दहाव्याचा दिवस आठव. नदीवर पिंड मांडला होता आणि समोरच्या भिंतीवर पाच कावळे बसले होते. एकही खाली येईना. मृताची काही इच्छा अडकली असेल तर शब्द द्या, असं तिथल्या भटजींनी सांगितलं. तू हात जोडून पुढे झालास. “बाबा, धाकटीला अंतर देणार नाही.” लोकांनी डोळे पुसले, कावळे हलले नाहीत. “वर्षश्राद्ध चुकवणार नाही.” तरी नाही. आत्याने दुकान चालू ठेवण्याचा शब्द परस्पर माझ्या वतीने देऊन टाकला. त्यालाही कावळे बधले नाहीत. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्या जवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई गं, तुझ्या मनात काही असेल तर बोलून टाक.”

मी म्हटलं, “त्यांची पोटं भरलेली आहेत.”

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला शिववला. तू अंघोळ करून पाचच्या गाडीला निघालास. त्या गवताच्या कावळ्याची मी पुढे कितीजणांपाशी टिंगल केली असेल, मोजदाद नाही. माझा कावळ्यांवर तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण मी काय बोलायला हवं होतं ते मला तिथे उभ्या उभ्या माहीत होतं, आणि मी बोलले नाही.

तो दहावा नव्हता, दादा. अकरावा होता.

बाबा गुरुवारी सकाळी गेले, माझ्या हातून पाणी पिऊन गेले, असं मी तुला फोनवर सांगितलं. तसंच आत्याला सांगितलं, गल्लीला सांगितलं. बाबा बुधवारी गेले. डॉक्टरांनी दाखल्यावर बुधवारच लिहिला आहे. तो दाखला माझ्या कपाटात आहे. सहा वर्षांत तू तो एकदाही मागितला नाहीस, कारण कागदपत्रांची कटकट धाकटी बघते. तू दर वर्षी भलत्याच दिवशी पाणी सोडतोस, आणि मी ते फोटो बघून मनातल्या मनात हसत आले. याला कुठे काय माहीत आहे, म्हणून. इतका हलकटपणा माझ्यात आहे हे तुलाही ठाऊक नसेल.

मंगळवारी संध्याकाळी आमचं वाजलं होतं. विषय तूच. मी घेतलेली लोकरीची बंडी त्यांनी घडी घालून ठेवून दिली होती. का, तर तू येशील तेव्हा तुला द्यायला. तुला थंडी फार बाधते ना. मी म्हटलं, “मग त्याच्याकडेच जाऊन राहा. बघू दोन दिवस कोण ठेवून घेतंय.” मी खाली आले, दुकानामागच्या खोलीत झोपले आणि ठरवलं की आता ते बोलल्याशिवाय आपण बोलायचं नाही. बुधवारी त्यांचा डबा जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवला. दुपारी पाहिलं तर डबा तिथेच. फुगून बसले असतील, बसू देत, म्हटलं. संध्याकाळचाही तिथेच ठेवला. गुरुवारी सकाळी दोन्ही डबे न उघडलेले दिसले, तेव्हा दार ढकललं. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झालाय, कालच गेलेत, सकाळी अकराच्या सुमारास असावं.

तेव्हा तिथी षष्ठी. गुरुजी हुशार आहेत, ते लगेच तोड काढतील की घोळ असेल तर सर्वपित्रीला करून टाका. ज्याची तिथी कुणालाच माहीत नाही त्याचं अमावास्येला करतात. बाबांची माहीत आहे. मला माहीत आहे.

करायचंच असेल तर षष्ठीला ये. मी खोली झाडून ठेवते. चाळीस माणसं आणू नकोस. गुरुजींना आण हवं तर, पण त्यांनी डोळे उघडे ठेवावेत. आत्याला काय सांगायचं ते तू ठरव. मला तोंड दाखवू नकोस असं कळवलंस तरी मी वाद घालणार नाही, आणि आपल्या दोघांत असं पहिल्यांदाच होईल.

एवढ्यावर सही करून पाकीट बंद केलं होतं. पुन्हा फोडलं.

डॉक्टरांनी अकरा सांगितले तेव्हा मी त्यांना वेळ विचारली नव्हती. मला वेळ माहीत होती. काही हवं असलं की बाबा वरून काठी आपटायचे, खाली दुकानात बरोबर माझ्या डोक्यावर आवाज यायचा. बुधवारी अकराला काठी वाजली. मी मान वर केली नाही. थोड्या वेळाने पुन्हा वाजली, एकदाच, हळू. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, हातात घाईचं काम नव्हतं. मी करवतीचं यंत्र चालू केलं, आवाज ऐकू येऊ नये म्हणून, आणि लाकूड न लावता ते बराच वेळ तसंच चालू ठेवलं.

त्या अकराला चौदा पायऱ्या न चढलेली,
तुझी धाकटी