खाल्लेली वाक्यं

३ मार्च, मंगळवार

शेवटचा तास संपला! चष्मेवाल्या मॅडमनी फळा पुसला, हात झटकले आणि म्हणाल्या, "आता अहवाल आणि तोंडी परीक्षा. मग सुटलात."

धाकटीची, माझ्या बहिणीची, समाजकार्याची पदवी होत आली. माझी तीन वर्षं उभं राहण्यात गेली. सगळा वर्ग फळ्याकडे तोंड करून, मी फळ्याकडे पाठ करून. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. बाई बोलतील ते मी हातांनी तिला सांगायचं, ती हातांनी बोलेल ते तोंडानं वर्गाला. मी "मी" म्हणते तेव्हा ती बोलत असते. आपल्या पदरचं घालायचं नाही, त्यातलं काढायचं नाही. दुभाष्याचा नियम.

पोरांनी मला कार्ड दिलं. "ताई, अर्धी पदवी तुमची!" सगळे हसले, मीही. घरी येऊन कार्ड परत एकदा वाचलं. कुणी बघत नाही असं पाहून.

६ मार्च, शुक्रवार

आज काही काम नाही. सारखं पहिलं वर्ष आठवतंय.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीतला कारकून म्हणाला, "दोघींपैकी शिकणार कोण?" धाकटीनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मग फी कुठं भरायची ते तिला सांगा." तिसऱ्या वर्षापर्यंत तोच कारकून तिला खिडकीतून दोन बोटांनी "पुढच्या खोलीत जा" असं बिनचूक सांगायला लागला होता.

आणि ते जिन्यातले दिवस! निम्म्या शब्दांना आमच्याकडे खूणच नव्हती. पुनर्वसन. समुदाय. सबलीकरण. मधल्या सुट्टीत जिन्यात बसून आम्ही शब्द पाडायचो — टांकसाळीत नाणी पाडावीत तसे. पुनर्वसन म्हणजे उपटलेलं रोप परत मातीत दाबायचं. ते लगेच जमलं. सबलीकरणावर तीन दिवस भांडलो. शेवटी तिनं सुचवलं — कोपर धरायचं, मग सोडायचं.

मी म्हटलं, सोडल्यावर पडली तर?

पडली तर पडली, म्हणाली. ती उठेल की!

शिक्षकांना खुणेची नावं होती. नाकावरचा चष्मा वर सरकवला की मॅडम. पोटावरून गोल हात फिरवला की समाजशास्त्राचे सर. एकदा सरांनी भर वर्गात विचारलं, "मला काय म्हणता तुम्ही?" धाकटीनं बेधडक पोट दाखवलं. मी म्हटलं, "मोठ्या मनाचे." सर दिवसभर खूश! अजून हसू येतं.

१० मार्च, मंगळवार

क्षेत्रकार्याची गृहभेट. निवासी शाळेतली सात वर्षांची मुलगी, धाकटीसारखीच, ऐकू न येणारी. सुट्टीला सगळ्यांच्या घरचे येतात, हिचं कुणी येत नाही. दोन वर्षं झाली. आईला भेटून कारण समजून घ्यायचं, हे धाकटीचं काम.

आई इस्त्रीच्या दुकानात. पुढे टेबल, मागे एवढीशी खोली. तिनं आम्हाला स्टुलं दिली, हातातलं काम थांबवलं नाही. पांढऱ्या शर्टांचा ढीग. बोलताना बघत होती माझ्याकडे. सगळे माझ्याकडेच बघतात. धाकटीनं विचारलं, "मुलीला सुट्टीत घरी आणताना काय अडतं?"

बाईनं इस्त्री आपटून ठेवली. आणि बोलली. बोलली ते इथे लिहिते, कारण तिथे मी बोलले नाही —

"ती आली की घराची वाचाच जाते. जन्मली तेव्हाच गेली असती तर सुटली असती, मी पण सुटले असते. ही तुमची बहीण — शिकली ना एवढी? तरी तुमच्या गळ्यात आहेच. तुमचं लग्न नाही, संसार नाही. माझ्या थोरलीचं असंच व्हायला हवंय का?"

धाकटी माझ्या हातांकडे बघत होती.

मी सांगितलं, "आई म्हणते, मला मुलीची काळजी वाटते. तिच्याशी बोलता येत नाही. जमत नाही."

धाकटीनं मान हलवली. वहीत लिहून घेतलं.

बसच्या थांब्यावर तिनं विचारलं, "एवढंच म्हणाली? इस्त्री आपटली ती?"

"गरम होती. हाताला लागली असेल."

११ मार्च, बुधवार

सांगितलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

धाकटी अहवाल लिहीत बसली होती. तिनं लिहिलं होतं, "आईला मुलीविषयी ओढ आहे; अडचण केवळ संवादाची." ते दोनदा वाचलं. या ओळीवर चष्मेवाल्या मॅडम गुण देणार, शाळा निर्णय घेणार, पोरगी घरी जाणार — कुणाच्या? जिनं तिच्या मरणाची भाषा केली तिच्या?

टेबलावर बोटं आपटून तिला वर बघायला लावलं. शब्द न शब्द सांगितलं. "गळ्यात" सुद्धा.

मला वाटलं रडेल. ती रडली नाही. पेन बाजूला ठेवलं. हात अगदी सावकाश चालवत म्हणाली, "त्या वाक्यासाठीच तर गेले होते मी. ते माझं होतं. तू खाल्लंस."

मी म्हटलं, तुला लागलं असतं. मी म्हटलं, बाई रागात होती, तसं मनात नसेल. बरीच कारणं सांगितली.

"आणखी किती खाल्लीस?"

आठवतील तेवढी सांगितली. काय करणार! आत्या आमच्या दारात उभी राहून काय म्हणाली होती ते. पहिल्या वर्षाच्या गटचर्चेत मागच्या बाकावरून कुणी काय बोललं ते. दवाखान्यातल्या डॉक्टरांचं. सरांच्या पोटाचं पण सांगितलं. त्यावर हसली — "ते एक माफ!" — आणि हसता हसताच तोंड फिरवलं.

माझ्याकडे पाठ केली. माझ्याशी बोलणं बंद करायचं तर तिला तेवढंच करावं लागतं.

१६ मार्च, सोमवार

धाकटीनं मॅडमना चिठ्ठी लिहिली. मला वाचून बघ म्हणाली, उघडीच होती. "उरलेल्या गृहभेटी आणि तोंडी परीक्षेसाठी दुसरी दुभाषी मिळावी." कारण लिहिलं नव्हतं.

मॅडमनी मला बोलावलं. चष्मा काढला. तीन वर्षांत पहिल्यांदा बघितलं तो काढलेला. "तुम्हाला वाईट वाटलं असेल."

मी म्हटलं, "तिचा हक्क आहे."

हे तोंडानं म्हटलं. आवाज माझाच होता आणि तरी परका वाटला.

२४ मार्च, मंगळवार

धाकटी नव्या दुभाषी मुलीबरोबर इस्त्रीच्या दुकानात गेली. मी घरी. आईबरोबर भाजी निवडली. आई म्हणाली, "काय गं, हात कसे गप्प आज?" मग स्वतःच म्हणाली, "दोघींत मिळून एक तोंड होतं, तेही रुसलं."

मला दुसऱ्या वर्षाचं शिबिर आठवत राहिलं. आठ दिवस गावात. शेवटच्या दिवशी पटांगणात पथनाट्य. सरकारी कचेरीतला साहेब कोण होणार, म्हणून वाद चालला होता. धाकटी उठली — "मी! मला ऐकूच येत नाही. साहेब मीच!" माणसं येऊन गाऱ्हाणं मांडतायत आणि ही खुर्चीत बसून कागदावर शिक्के मारतेय, एकदाही वर न बघता. लोक हसून हसून लोटपोट! एक म्हातारा उभा राहून ओरडला, "अगदी अस्साच आहे!" मी कडेला उभी होते. त्या वीस मिनिटांत तिला माझी गरज पडली नव्हती. तेव्हा केवढा अभिमान वाटला होता मला.

संध्याकाळी आली. काही सांगितलं नाही. डोळे लाल होते, पण जेवली भरपूर. मी विचारलं नाही. गोपनीयता! केसबद्दल बाहेरच्या माणसाशी बोलायचं नसतं.

बाहेरचं माणूस म्हणजे मी.

९ एप्रिल, गुरुवार

तोंडी परीक्षा. बरोबर गेले. तिनं नको म्हटलं नाही. आत नवी मुलगी, बाहेर जिन्यात मी. त्याच पायरीवर बसले. दार बंद. आतून त्या मुलीचा आवाज येत होता — "मी असं ठरवलं", "मला असं वाटतं". धाकटी आज दुसऱ्याच आवाजात बोलत होती. पातळ आवाज आहे हो! धाकटीचा तसा नाही. म्हणजे — धाकटीला आवाज कुठला? पण नाही तसा.

बाहेर आली ती घामाघूम. आपणहून सांगायला लागली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुमची सर्वांत मोठी चूक कोणती?"

"मग?"

"मी सांगितलं, तीन वर्षं माझी दुभाषी सांगेल ते सगळं खरं धरलं. एकदाही पडताळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर दिसायचं, तरी विचारलं नाही. न विचारणं सोपं होतं."

 पाण्याची बाटली पुढे केली. तिनं घेतली.

२० एप्रिल, सोमवार

पास! वर्गात तिसरी! आईनं शेजारपाजारी स्वतः जाऊन सांगितलं. ढेरपोट्या सरांनी माझ्याशी हात मिळवला, "तुमच्याशिवाय झालं नसतं." सवयीनं मी ते लगेच धाकटीला हातांनी सांगितलं. जसंच्या तसं. ती म्हणाली, "खरं आहे ते."

२ मे, शनिवार

धाकटीला नोकरी लागली. दुसऱ्या गावी, मोठ्या पुनर्वसन केंद्रात. दुभाषी तेच देतात. तिला एकटीला खोली.

तिची बॅग भरताना मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर "नको जाऊ" आलं असतं.

३ मे, रविवार

गेली. बस वळेपर्यंत खिडकीतून हात करत होती. नुसते हलवत नव्हती, बोलत होती — "गॅस बंद केलास का?" चांगलं गंभीर तोंड करून! मला स्टँडवर हसू फुटलं, आणि मग दुसरंही काहीतरी फुटलं.

२८ मे, गुरुवार

हात पाण्यात नसले की काय करायचं कळत नाही. बातम्या लागल्या की हात आपोआप चालायला लागतात. आईनं आज हलकेच धरले.

१४ जून, रविवार

दुपारी बेल वाजली. दारात इस्त्रीवाल्या बाई! ओळखूच आल्या नाहीत, हातात इस्त्री नव्हती म्हणून. एक चुरगळलेला कागद पुढे केला. धाकटीचं अक्षर, आमचा पत्ता.

"तुमच्या बहिणीनं दिला होता, जाण्याआधी. म्हणाल्या, शिकावंसं वाटलं तर ताईकडे जा, ताई चांगली शिकवते."

त्यांना आत घेतलं. पाणी दिलं. मग त्यांनीच सांगितलं.

"दुसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, मागच्या वेळचं तुमचं बोलणं माझ्यापर्यंत नीट आलं नाही. परत सांगा. मला वाटलं, या बाईला किती ऐकायचंय! मी पण पेटले. तेच शब्द परत ऐकवले, वर चार जास्त. ती नवी मुलगी सांगता सांगता रडायला लागली. तुमची बहीण नाही. माझ्याकडे बघत बसून राहिली. उठून गेली नाही हो. सगळं झाल्यावर विचारलं, अजून काय? मग माझंच संपलं. संपलं तेव्हा रडले."

मी त्यांचा रिकामा पेला परत भरला. 

"सगळ्यांनी मला एकच सांगितलं — तुझीच पोर आहे, माया कर. ह्यांनी तसलं काही सांगितलं नाही. म्हणाल्या, तुम्ही दमलायत, आणि तुमच्याकडे तिच्यासाठी एक शब्द नाही. ते खरं होतं." ओच्यात धरलेला हात उघडला. तळव्यावर जुने चटके. "पोरगी कालपासून घरी आहे. शाळेला सांगून महिनाभर आणलीय. थोरलीजवळ बसवून आले. ती माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे. मला हातांनी बोलायला शिकवा."

खुर्ची ओढून समोर बसले. वर्गात कधी मिळाली नाही अशी जागा. म्हटलं, सोप्यापासून सुरू करू. पाणी. भूक. ये. झोप.

त्यांनी मान हलवली. "ते नंतर. आधी सांगा — 'माझं चुकलं' कसं म्हणतात?"

दाखवलं. त्यांनी केलं. बोटं आखडत होती, इस्त्री धरून धरून. परत दाखवलं. परत. सहा-सात वेळा आम्ही दोघी समोरासमोर तेच म्हणत बसलो. तेव्हा ध्यानात आलं — इतकी कारणं सांगितली मी धाकटीला. हे नाही सांगितलं.

१४ जून, संध्याकाळ

धाकटीला फोन लावला, व्हिडिओचा. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून फोन साखरेच्या डब्याला टेकवला. म्हटलं, माझं चुकलं.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "हात खाली गेले. दिसलं नाही. परत सांग."

दिसलं होतं! चांगलं दिसलं होतं तिला!

परत सांगितलं.