चक्कीचा आवाज

वडनेर भोलजी,
दि. १४ नोव्हेंबर

चि. सुचिता हीस,
आशीर्वाद. नावाआधी ‘सौ.’ लिहावं की नाही यात माझा अर्धा तास गेला. शेवटी सोडून दिलं, ते तुझं तू ठरव.

इकडे सगळं बरं आहे. कापसाची दुसरी वेचणी झाली. म्हैस व्याली, वगार झाली, प्रेरणाला नक्की सांग. फोन केला असता, पण गजेंद्र रोज माझा मोबाईल उघडून बघतो. म्हणून हे पत्र अंगणवाडीच्या धम्मशीलाबाईजवळ देते, ती पोस्टात टाकील. सातवीनंतर एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहिते, चुका पोटात घाल. बुलढाण्याला आता थंडी पडली असेल. भावाच्या घरी पोरीला अंथरूण-पांघरूण पुरतं ना?

सोमवारी गजेंद्र मला नांदुऱ्याला वकिलाकडे घेऊन गेला. त्यानं टाईप केलेला कागद वाचून दाखवला. सुनेला चार वर्षांत कोणी बोट लावलं नाही, शेवटच्या दिवशी रागात एक थापड बसली, तेवढंच, असं त्यात माझ्या तोंडी लिहिलं होतं. शेजारच्या भागवत भाऊजींनी आणि त्यांच्या बायकोनं आधीच सही केली आहे, की या घरातून कधी रडण्याचा आवाज आला नाही. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला, सही नंतर करते. चष्मा पिशवीतच होता.

भाऊजी खोटं बोलले नाहीत, सुचिता. त्यांना खरंच ऐकू आलं नाही. का आलं नाही ते तुला माहीत आहे. तू कधी बोलली नाहीस म्हणून मी समजत होते, की तुला कळलंच नाही.

तुमच्या खोलीचं दार लागलं, की मी ओसरीत जाऊन चक्कीचं बटण दाबायची. दळण असलं तर ठीक, नसलं तर दगड रिकामेच फिरायचे. रिकामे फिरले की दगड झिजतात, एवढं मला समजत होतं. आत काय चाललंय तेही समजत होतं. आवाज थांबला असं वाटलं, की मी बटण बंद करायची आणि तुला चहा मांडायला सांगायची.

तुझे सासरे मला मारायचे तेव्हा घरी चक्की नव्हती. सगळी गल्ली ऐकायची. सकाळी हापशीवर गेलं, की बाया माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. मार विसरले, पण ते बघणं काही विसरले नाही. म्हणून वाटायचं, मी तुझी अब्रू झाकते आहे. झाकत होते ते माझ्या पोराला. आणि त्यालाही ते पक्कं माहीत झालं होतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू माहेरी सोनाळ्याला चार दिवस गेली होतीस, प्रेरणा माझ्याजवळ होती. दुपारी कोणाचं तरी दळण आलं म्हणून मी चक्की सुरू केली. पोरगी हातातली भाकर टाकून तुमच्या खोलीकडे धावली. दार उघडून रिकामी खोली बघितली आणि मला म्हणाली, “आजी, आई तर इथं नाही, मग कोणाले मारून राह्यले?” तीन वर्षांचं लेकरू. मी तरी सुधारले नाही. त्यानंतरही चार-पाच वेळा बटण दाबलंच.

त्या शेवटच्या दिवशी मध्येच लाईन गेली नसती, तर तू आज कुठे असतीस कोणास ठाऊक. चक्की थांबली आणि दारात गव्हाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या धम्मशीलाबाईनं सगळं ऐकलं. ती आत शिरली. मी मात्र जागची हलले नाही. तुला हाताला धरून बाहेर काढलं ते तिनं, मी नाही.

ती कोर्टात सांगेल, पण तिला तो एकच दिवस माहीत आहे. वकील तेच धरून बसलाय, एकदाच झालं म्हणतो. बाकीच्या चार वर्षांची साक्ष देणारी मी एकटीच आहे.

काल जेवताना गजेंद्रला सांगून टाकलं, की सही करणार नाही. त्यानं विचारलं, “मंग तू तिच्याकडून आहेस का?” मी म्हटलं, “मी पाह्यलं ते सांगीन. मी चक्की कायले लावत होती, तेही सांगीन.” तो ताट सरकवून उठला. पोटचा आहे, जीव तुटतो. भीतीही वाटते. पण धम्मशीलाबाई म्हणते, तारखेच्या दिवशी ती माझ्यासोबत येणार आहे. मी सत्तावीसला सकाळच्या गाडीनं मोताळ्यावरून बुलढाण्याच्या कोर्टात येते.

तू माझ्याशी बोललीच पाहिजे असं नाही. प्रेरणाला आणू नकोस, तिनं हे ऐकू नये. माफी मागत नाही, मागण्यासारखं तोंड नाही.

खाली ‘तुझी सासू’ लिहायला घेतलं होतं, हात अडला. कोर्टात नाव-नातं विचारतील तेव्हा जे सांगायचं आहे, तेच इथं लिहिते.

गजेंद्रची आई,
रुखमाबाई